३७ नंबरचं बिल ३६ च्या खात्यावर: एका दूध संस्थेच्या एक्सेल शीटचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली-सातारा पट्ट्यातली एक गावची दूध संस्था. नाव-गाव गाळलंय, आकडे थोडे इकडचे तिकडे केलेत, बाकी जे घडलं ते असंच. साधारण १४० उत्पादक, जवळपास सगळं गायीचं दूध, सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला बावीसशे लिटरच्या आसपास संकलन. बिल दर दहा दिवसाला निघतं, १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर. म्हणजे एका बिलाला २८०० च्या आसपास ओळी, प्रत्येक ओळीत कोड (सभासदाचा नंबर), लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि रेट.

रेट ठरतो चार्टवरून. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा बेस, तिथे समजा ३० रुपये, मग फॅट ०.१ ने वाढलं की ३० पैसे वर. चार्ट आडवा-उभा दोन्हीकडे पसरलेला, वरच्या ओळीत फॅट आणि डावीकडे एसएनएफ, जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात तो रेट.

हे सगळं एका एक्सेल फाइलमध्ये चालायचं. सेक्रेटरींच्या पुतण्याने कॉलेजात असताना बनवलेली, तो आता पुण्यात नोकरीला. फाइलमध्ये चार शीट: सभासद, दर, संकलन आणि बिल. रोजची एंट्री करणाऱ्या ताई एकदम तरबेज, न बघता आकडे टाकतात, पण फॉर्म्युल्याला हात लावायला घाबरतात, आणि खरं सांगायचं तर कोणी शिकवलं नसताना घाबरलेलंच बरं. मी तालुक्याला हिशेबाची आणि एक्सेलची कामं करतो, तिथून सेक्रेटरींची ओळख.

अडचण कशी वर आली

बिलवाटपाच्या दिवशी एक वहिनी संस्थेत आल्या. नवीन सभासद, कोड ३७. म्हणाल्या, "माझं बिल कुठं हाय ओ? दोन बिलं झाली, खात्यावर रुपाया न्हाई." पहिल्या बिलाला त्या गप्प बसल्या होत्या कारण त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की नवीन माणसाचं पहिलं बिल मागं राहतं. संस्थेत असा काही नियम नाही, पण गावात अशा गोष्टी आपोआप तयार होतात.

ताईंनी फाइल उघडली तर ३७ चं बिल निघालेलं, रक्कम व्यवस्थित, बँकेला यादीही गेलेली. सेक्रेटरी म्हणाले बँकेचाच घोळ असणार. दोन दिवस बँकेला फोन. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की बिलाच्या स्लिपवर कोड ३७ आहे पण नाव छापलंय ३६ नंबरच्या आप्पांचं. आप्पांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "व्हय, दोनदा आलं. मला वाटलं मागचा फरक काढला संस्थेनं." दिवाळीला दुधाच्या दरातला फरक मिळायची सवय असलेल्या माणसाचं यात काहीच चुकत नाही.

तेव्हा मला बोलावलं.

शीटमध्ये नेमकं काय होत होतं

बिल शीटवर नावाच्या रकान्यात हा फॉर्म्युला होता: =व्हीलुकअप(ए५, सभासद!ए:ई, २). व्हीलुकअप म्हणजे यादीच्या पहिल्या रकान्यात कोड शोधून त्या ओळीतला सांगितलेल्या नंबरचा रकाना आणून देणारं फंक्शन. खाते नंबरासाठी तोच, फक्त शेवटी २ ऐवजी ४. बघताक्षणी लक्षात येतं की चौथा भाग नाहीये. व्हीलुकअपला चौथा भाग दिला नाही तर एक्सेल तो ट्रू धरतो, म्हणजे "अगदी तोच नाही सापडला तर त्याच्यापेक्षा लहान असलेला सगळ्यात जवळचा चालेल". आणि त्यासाठी यादी चढत्या क्रमाने लावलेली असायलाच लागते.

बरीच वर्षं ती तशी होती म्हणून काही बिघडलं नाही. मग जुन्या ३७ नंबरवाल्याने जनावरं विकली, त्याची ओळ ताईंनी डिलीट केली. काही महिन्यांनी वहिनी आल्या, रिकामा नंबर म्हणून त्यांना ३७ दिला, आणि त्यांची ओळ टाकली यादीच्या तळाला, १४२ च्या खाली.

आता ट्रूवाला शोध वरून खाली एकेक ओळ बघत जात नाही. तो डिक्शनरीत शब्द शोधतो तसा मधेच उघडतो, सत्तरीच्या आसपासचा कोड दिसला, ३७ त्याच्यापेक्षा लहान, मग वरच्या अर्ध्यात जा, परत मधे उघड, असं करत करत तो ३६ आणि ३८ च्या मधे पोचतो. तिथे ३७ नाही. मग ३७ पेक्षा लहान असलेला सगळ्यात मोठा कोड कोणता तर ३६, घे आप्पांचं नाव, घे आप्पांचं खातं. तळाला बसलेल्या खऱ्या ३७ कडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. आणि एरर कसलाच नाही. लिटर बरोबर, रक्कम बरोबर, माणूस तेवढा चुकीचा.

मी एवढ्यावर थांबलो नाही कारण ज्या फाइलमध्ये असा एक फॉर्म्युला सापडतो तिथे दुसरा असतोच. दुसरा रेटच्या रकान्यात होता, आणि तो जास्त वाईट होता.

रेटसाठी पुतण्याने इंडेक्स आणि मॅच वापरलेलं (मॅच आकडा कितव्या जागी आहे ते शोधतो, इंडेक्स त्या जागेचा खाना आणतो), मॅचमध्ये शून्य टाकून तंतोतंत जुळणी मागितलेली, म्हणजे पद्धत बरोबर. पण त्याच्या बाहेरून आयएफएरर गुंडाळून एरर आला तर ० दाखव असं केलेलं. आता गंमत बघा. चार्टात फॅट आधी ४.० पर्यंत हाताने टाईप केलेलं होतं. नंतर ५.० पर्यंत वाढवायची वेळ आली तेव्हा कोणीतरी पुढच्या खान्यांत "आधीचा खाना अधिक ०.१" असा फॉर्म्युला ओढला. स्क्रीनवर ४.१, ४.२, ४.३ सगळं सुंदर दिसतं. पण कॉम्प्युटर ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण मांडू शकत नाही, त्यामुळे ४.१ मध्ये ०.१ मिळवलं की आतमध्ये ४.२ न येता ४.१९९९९९९... असं काहीतरी येतं. बरोबरचं चिन्ह टाकून तपासलं तर एक्सेल म्हणतो ट्रू, दोन्ही सारखेच, कारण ती तुलना १५ अंकांपर्यंतच होते. मॅच मात्र आतला आकडा बघतो आणि म्हणतो सापडलं नाही.

म्हणजे ४.१ पर्यंत फॅट असलेल्या दुधाला रेट लागायचा आणि ४.२ आणि त्याच्या पुढच्या दुधाला, जे सगळ्यात चांगलं दूध, त्याला रेट ०! ताईंना शून्य दिसायचं, त्या भिंतीवरचा कागदी चार्ट बघून रेट हाताने टाकायच्या. त्या दिवसापुरतं काम बरोबर व्हायचं. पण फॉर्म्युल्याच्या जागी आता आकडा बसला. पुढच्या बिलाला तीच फाइल सेव्ह अॅज करून कोड, लिटर, फॅट, एसएनएफ पुसून नवीन एंट्री, रेटचा रकाना तसाच, कारण "तो आपोआप येतो". मागच्या वेळी त्या ओळीत ४.२ चं दूध होतं म्हणून ३२.१० टाकलेलं, या वेळी त्याच ओळीत दुसऱ्याचं ३.६ चं दूध, खरा रेट ३०.३०, पण लागला ३२.१०. कोणाला जास्त, कोणाला कमी. रेटचा रकाना सिलेक्ट करून, एफ५ दाबून, स्पेशलमध्ये कॉन्स्टंट्स निवडलं तर शंभराच्या वर खाने उजळले. सेक्रेटरी बघतच राहिले.

कोणते पर्याय समोर होते

पहिला आणि सगळ्यात स्वस्त: सभासद यादी परत कोडप्रमाणे सॉर्ट करायची. पाच सेकंदांचं काम, ३७ लगेच बरोबर येतो. सेक्रेटरींना हेच हवं होतं कारण बिल अडकलेलं. पण पुढच्या वेळी कोणी तळाला ओळ टाकली की परत तेच, शिवाय यादीत नसलेला कोड चुकून टाईप झाला तर तेव्हाही शेजाऱ्याचं नाव येणारच, सॉर्ट असो नसो.

दुसरा, ताईंनी सुचवलेला: कोडऐवजी नावाने शोधायचं, माणसं नावाने ओळखू येतात. ऐकायला बरं वाटतं. पण गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघं आहेत. सूर्यवंशी कुठे पहिला सू दीर्घ तर कुठे ऱ्हस्व. आणि जुन्या सभासदांची नावं श्रीलिपीत टाईप केलेली, नवीन युनिकोडमध्ये. श्रीलिपीत पडद्यावर मराठी दिसतं पण आत वेगळीच अक्षरं असतात, फॉन्ट बदलून बघा म्हणजे कळेल, त्यामुळे दोन्ही नावं डोळ्याला सारखी दिसली तरी लुकअपला ती कधीच जुळणार नाहीत. नावाने शोधणं बाद.

तिसरा एक्सलुकअप, व्हीलुकअपचा नवा भाऊ. तो मुळातच तंतोतंत जुळणी धरतो, न सापडल्यास काय दाखवायचं ते त्यातच सांगता येतं, डावीकडचा रकानाही आणता येतो. पण संस्थेच्या कॉम्प्युटरवर एक्सेल २०१३, आणि एक्सलुकअप मिळतो ३६५ मध्ये किंवा २०२१ पासून पुढे. माझ्या लॅपटॉपवर बनवून दिला असता तर त्यांच्याकडे पहिल्याच रिकॅल्क्युलेशनला सगळीकडे नेम एरर, म्हणजे हे फंक्शन ओळखीचं नाही. गुगल शीट्समध्ये तो २०२२ पासून आहे, पण पहाटेच्या संकलनाला नेट असेलच याची खात्री गावात कोणी देत नाही.

चौथा, तयार डेअरी सॉफ्टवेअर घ्यायचं. मला विचाराल तर शेवटी हेच व्हायला हवं. चेअरमन म्हणाले दिवाळीनंतर बघू. कुठली दिवाळी ते बोलले नाहीत.

पाचवा, आहे ती फाइल नीट करायची. तो घेतला.

काय केलं

सभासदांच्या व्हीलुकअपला शेवटी फॉल्स लावला, म्हणजे तंतोतंत तोच कोड हवा. इंडेक्स-मॅच करता आलं असतं, मधे रकाना घातला तरी बिघडत नाही हा फायदाही आहे, पण ताईंना व्हीलुकअप वाचता येत होता आणि जी गोष्ट रोज बसणाऱ्या माणसाला वाचता येते ती ठेवावी असं माझं मत. त्याच्या बदल्यात सभासद शीटवर मधे रकाना घालता येणार नाही असं प्रोटेक्शन टाकलं.

चार्टाच्या दोन्ही शीर्षकांवर राउंड लावला, एक दशांशापर्यंत, आणि शोधायच्या आकड्यावरही तोच. दोन्हीकडे लावायचा, एकीकडे लावून भागत नाही.

मग आयएफएरर. इथे माझी आणि सेक्रेटरींची खरी वादावादी झाली. त्यांचं म्हणणं, बिलाच्या कागदावर एरर छापलेला चांगला दिसत नाही, ऑडिटर काय म्हणेल, शून्य नाहीतर रिकामं ठेवा. माझं म्हणणं, शून्य हा पण एक आकडाच आहे, तो बेरजेत गुपचूप बसतो. एरर आला तर खालची बेरीजही एरर होते आणि बिल छापताच येत नाही, मला तेच पाहिजे होतं. शेवटी मधला रस्ता काढला: आयएफएरर काढून आयएफएनए, म्हणजे फक्त "सापडलं नाही" या एकाच कारणाला तो पकडतो, बाकीच्या चुका उघड्या राहतात, आणि न सापडल्यावर अक्षरं येतात "चार्टात नाही". खाना लाल होतो, लिटर गुणिले ही अक्षरं केलं की व्हॅल्यू एरर येतो आणि बिल अडतं. कागद छापायच्या आत अडायला हवं ते अडतं, आणि ताईंना का अडलं तेही कळतं.

रेटचा रकाना लॉक केला. आता हाताने रेट टाकताच येत नाही. चार्टात नसलेलं दूध आलं, समजा एसएनएफ ७.५ च्या खाली, तर सेक्रेटरींनी चार्टात ओळ वाढवायची नाहीतर दूध परत करायचं, मधलं काही नाही.

रेट मधेच बदलतो त्यासाठी एक छोटी तक्ती केली, कोणत्या तारखेपासून कोणता चार्ट. आणि गंमत म्हणजे इथे मी मुद्दाम ट्रूवाला व्हीलुकअप लावला, कारण १४ तारखेच्या दुधाला "१४ किंवा त्याच्या आधीची सगळ्यात अलीकडची तारीख" हीच हवी असते. ट्रू वाईट नाहीये, तो टप्प्यांसाठी आहे, कोडसाठी नाही. तारखा चढत्या क्रमाने लावायच्या एवढं ताईंच्या वहीत लिहून दिलं.

खाते नंबरांचा वेगळाच घोळ. एक्सेल आकड्याचे १५ च अंक सांभाळतो, सोळावा अंक शून्य करून टाकतो, त्यामुळे ज्यांचे खाते नंबर लांब आहेत ते टेक्स्ट म्हणूनच ठेवायला लागतात, आधी खाने टेक्स्ट करायचे मग टाईप करायचं. एकच खातं दोनदा आलंय का हे तपासायला काउंटइफ (एखादी गोष्ट किती वेळा आली ते मोजणारं फंक्शन) लावायचा मोह होतो, पण तो टेक्स्टमधल्या अंकांनाही आकडाच समजतो आणि शेवटचाच अंक वेगळा असलेली दोन खाती त्याला एक वाटतात. म्हणून समप्रॉडक्ट या दुसऱ्या फंक्शनने थेट तुलना केली. आप्पांसारखं प्रकरण परत झालं तर आता बिल शीटच्या माथ्यावर लाल पट्टी येते. तिथेच दुसरी तपासणी, संकलनातले एकूण लिटर आणि बिलातले एकूण लिटर, फरक शून्य नसेल तर तीच पट्टी.

मधेच अडलेला प्रश्न: ३.५८ म्हणजे किती?

टायपिंगच्या चुका कमी व्हाव्यात म्हणून अॅनालायझरमधला (दुधाचं फॅट-एसएनएफ मोजणाऱ्या मशीनमधला) डेटा पेनड्राइव्हने थेट घ्यायचं ठरलं. आला तर फॅट दोन दशांशांत, ३.५८, ४.०३. चार्ट एका दशांशाचा. इतके दिवस ताई मशीनवर बघून मनानेच एक दशांश लिहायच्या. मी विचारलं, ३.५८ ला ३.५ लिहिता की ३.६? म्हणाल्या, "बघून लिहिते." सेक्रेटरींना विचारलं, त्यांना माहीत नाही. चेअरमन म्हणाले खालचा धरा, उत्पादकांचे दोन प्रतिनिधी होते ते म्हणाले वरचा धरा.

फॉर्म्युल्यात हे ठरवावंच लागतं, राउंडडाउन की राउंड, तिसरं "बघून" नावाचं फंक्शन नाही. मी मागच्या दहा दिवसांच्या डेटावर दोन्ही लावून दाखवलं. सगळ्यांचं खाली धरलं तर सरासरी ०.०४५ फॅट कापलं जातं, म्हणजे लिटरमागे साडेतेरा पैसे, बावीस हजार लिटरवर बिलाला तीन हजाराच्या आसपास रुपये उत्पादकांच्या खिशातून जातात. राउंड केलं तर फरक दोन्ही बाजूंना विरघळतो, फक्त ३.५५ सारखा बरोबर मधला आकडा वर जात असल्याने अगदी किंचित उत्पादकाच्या बाजूने. चेअरमननी आकडा बघितला, थोडा वेळ कागद उलटासुलटा केला, आणि आपलं दूध घेणारा दूध संघ आपल्याला टँकरच्या फॅटवर कसं देतो ते बघून ठरवू म्हणाले. कमिटीच्या बैठकीत राउंड ठरलं आणि नोटीस बोर्डावर लागलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा निर्णय, आणि तो एक्सेलने सोडवला नाही, विचारला.

निकाल

वहिनींना दोन्ही बिलं संस्थेच्या शिल्लकीतून लगेच दिली. आप्पांकडून रोख मागायचं का पुढच्या बिलातून कापायचं यावर चर्चा झाली, पण आप्पांनीच सांगितलं दोन हप्त्यांत कापा, वैरणीला पैसे गेलेत. हाताने टाकलेल्या रेटांचा हिशेब मागच्या फाइली सापडल्या तिथपर्यंतच करता आला. ज्यांना कमी गेलं होतं त्यांना फरक दिला, ज्यांना जास्त गेलं होतं त्यांच्याकडून वसुली नको असं कमिटीने ठरवलं. बरोबर की चूक, मी तिथे बोललो नाही, पैसे संस्थेचे होते आणि चूकही संस्थेची.

नवीन फाइलच्या पहिल्याच बिलाला "चार्टात नाही" असे बारा-तेरा खाने लाल झाले. ताईंचा सकाळी सहाला फोन, फाइल बिघडली म्हणून. बघितलं तर दोन ठिकाणी फॅटच्या जागी एसएनएफ आणि एसएनएफच्या जागी फॅट, बाकी सगळं मशीन साफ न केल्याने आलेली अशक्य रीडिंग. जुन्या फाइलमध्ये हेच शून्य आलं असतं आणि वर हाताने काहीतरी रेट बसला असता.

काय वेगळं करता आलं असतं

एक तर कोड परत वापरायला नको होता. सभासद गेला तर ओळ डिलीट न करता पुढे "बंद" लिहायचं आणि नव्या माणसाला नवा नंबर द्यायचा, मग फॉर्म्युला कसाही असता तरी जुन्या वर्षाच्या याद्यांत दोन माणसं एकाच नंबरावर आली नसती. हे आता सुरू केलंय.

मी फाइल एकदम बदलली, त्याऐवजी एक बिल जुन्या-नव्या दोन्ही फाइलींत काढून ताडून बघायला हवं होतं असं सेक्रेटरींना वाटतं आणि ते रास्त आहे, पण बिल आधीच चार दिवस लांबलं होतं आणि गवळ्याला चार दिवस म्हणजे पेंडीच्या दुकानात चार दिवस उधारी.

शीटचा पासवर्ड सध्या सेक्रेटरींकडे आणि माझ्याकडे आहे. ताईंकडे नाही, आणि मला वाटतं त्यांच्याकडेही असायला हवा, कारण लाल खाना सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो. पुढच्या बैठकीत तो विषय घेतलाय. म्हशीच्या दुधाचा ६.० फॅट, ९.० एसएनएफ बेसचा चार्टही तेव्हाच जोडायचाय, दोघा-तिघांनी म्हशी घेतल्यात आणि एकाच कोडवर गाय-म्हैस दोन्ही दूध घालायचं म्हणतायत, तिथे कोड एकटा पुरणार नाही, कोड आणि प्रकार जोडून लुकअप करावा लागेल.